सुमिदा नदीवरचे पक्षी

परमुलखात वास्तव्य करणाऱ्या माणसाला तेथील अन्नाची, हवेची आणि भाषेची सवय कालांतराने होते. कलेची सवय मात्र आपोआप होत नाही. ती करून घ्यावी लागते, आणि करून घेताना ज्या गोष्टींचा आपल्याला अभिमान असतो त्याच कित्येकदा आड येतात. जपानमधील वास्तव्यात 'नो' या प्राचीन नाट्यप्रकाराशी आमचा जो परिचय झाला, त्याने हे आम्हांस पुरते पटवून दिले. त्या परिचयाचा, आणि विशेषेकरून 'सुमिदागावा' या एका नाटकाचा, विचार येथे करावयाचा आहे.

मराठी वाचकाला जपान अगदीच अनोळखी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंगा'ने तो देश आपल्या दिवाणखान्यात आणून बसवला. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. परंतु 'नो'चे नाव निघाले की मुखवटे घालून संथपणे चालणारी नटमंडळी यापलीकडे आपले चित्र सहसा जात नाही. आमचेही गेले नव्हते.

टोकियोच्या सेंदागाया भागात राष्ट्रीय नो नाट्यगृह आहे. ते १९८३ साली उघडले. नव्या पद्धतीच्या प्रेक्षागृहात एक जुनी, स्वतःचे छप्पर असलेली लाकडी रंगभूमी उभी आहे. घराच्या आत दुसरे घर असावे तसे ते दिसते. रंगभूमी चौरस, एकेक बाजू सुमारे वीस फुटांची. चार कोपऱ्यांना चार खांब. मागील फळ्यांच्या भिंतीवर एक जुनाट पाइन वृक्ष रंगवलेला असतो. नाटक कोणतेही असो, स्थळ कोणतेही असो, देखावा तोच. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला एक लांब पूल आहे; पात्रे त्यावरून येतात आणि त्यावरूनच जातात. दर्शनी पडदा नाही.

पहिल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा समोरच्या खुर्चीच्या पाठीवरील लहानशा पडद्यावर इंग्रजी भाषांतर उमटत होते. ते वाचण्यात आमची दृष्टी गुंतली. उरलेले मन तुलनेत गुंतले. मुखवटा दिसला तेव्हा दशावतारातला संकासुर आठवला. एका बाजूस ओळीने बसलेले आठ गायक पाहून कीर्तनकाराच्या मागे उभे राहणारे साथीदार आठवले. तालवाद्य वाजवणारे मधूनच जे हुंकार देतात ते ऐकून आमच्याकडील कोणकोणत्या साथीची आठवण झाली ते आता सांगतही नाही. घरी परतताना आमचा निर्णय झाला होता की हे सारे आपल्याकडेही आहे, फक्त येथे ते फार सावकाश चालते. तीन तास बसून आम्ही नाटक पाहिले नव्हते. आपल्याच घरातील वस्तूंची यादी तपासून आलो होतो.

शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर नाटकाच्या संहितेची पातळशी पोथी होती आणि त्यांचे बोट ओळींवरून फिरत होते. अशा पोथ्या सभागृहात अनेकांच्या हाती होत्या. त्यामुळे ठराविक जागी पाने एकदम उलटली जात आणि प्रेक्षागृहातून एक हलकी सळसळ जाई. 'नो'च्या प्रेक्षकांत स्वतः हे गायन शिकलेले, शिकत असलेले लोक बरेच असतात. त्या सळसळीने आम्हांस आमचे अज्ञान जितके दाखवले तितके कोणत्याही ग्रंथाने दाखवले नसते. पुढच्या वेळी आम्ही संहितेचे भाषांतर घरी दोनदा वाचले आणि नाट्यगृहात समोरचा पडदा बंद ठेवला. त्या दिवशीचे नाटक होते 'सुमिदागावा', अर्थात 'सुमिदा नदी'.

नाटककार कान्झे मोतोमासा. 'नो'ला तिचे शास्त्र आणि तिची श्रेष्ठ नाटके देणाऱ्या झेआमीचा हा मुलगा. कथा थोडक्यात अशी. क्योतो या राजधानीतील एका बाईचा मुलगा माणसांचा व्यापार करणाऱ्याने पळवून नेला आहे. त्याच्या शोधात ती पूर्वेकडे, त्या काळच्या जगाच्या जवळजवळ टोकाला, सुमिदा नदीच्या काठी येते. तिला वेड लागले आहे. हातातील बांबूची डहाळी ही त्या वेडाची खूण. नावाडी तिला म्हणतो, तू राजधानीची आहेस आणि वेडी आहेस, तर काही गंमत करून दाखव, एरवी नावेत घेत नाही. ती त्याला सुनावते, आणि अखेर तो तिला घेतो. नाव चालू असताना पैलतीरावर जमलेली गर्दी पाहून दुसरा प्रवासी विचारतो, तेथे काय आहे? नावाडी वेळ घालवण्यासाठी सांगू लागतो: गतवर्षी याच दिवशी एक व्यापारी एका आजारी मुलाला येथे टाकून गेला, मूल गेले, आज त्याचे वर्षश्राद्ध, लोक नामस्मरणास जमले आहेत.

मरताना मुलाने एक गोष्ट मागितली होती. मला रस्त्याच्या कडेला पुरा, आणि खूण म्हणून तेथे एक विलोचे झाड लावा. राजधानीकडची माणसे या वाटेने जातील, त्यांची पावले आणि सावल्याही मला प्रिय आहेत, असे त्याचे म्हणणे.

नाव काठाला लागते. सारे उतरतात, बाई उतरत नाही. ती प्रश्न विचारू लागते. हे कधी घडले? मुलाचे वय काय होते? बारा वर्षे. नाव काय? उमेवाकामारू. वडिलांचे कूळ? योशिदा. मग त्याचे आईवडील कोणी शोधत आले नाहीत? नाही. नातेवाईक? तेही नाहीत. मग ती सांगते की ते मूल तिचेच.

हा प्रसंग मोतोमासाच्या प्रतिभेची खरी कसोटी आहे, असे आम्हांस वाटते. जे सांगितले जात आहे ते कोणाविषयी आहे हे सांगणाऱ्यास ठाऊक नाही. ऐकणारीला ते क्षणाक्षणाने कळत जाते, आणि ती काहीही करीत नाही. नट निश्चल बसलेला असतो. मध्यमवयीन स्त्रीचा मुखवटा किंचित खाली झुकतो तेव्हा त्यावर सावली येते. नटांच्या भाषेत मुखवटा 'झाकोळतो'. तो किंचित वर उचलला की 'उजळतो'. रडणे म्हणजे तळहात सावकाश डोळ्यांजवळ नेणे, इतकेच. रंगभूमीवर नाव नाही. नावाड्याच्या हातातील वेळूवरून ती जाणायची. नदी तर नाहीच. आणि तरीही नाव काठाला लागल्यानंतर ती बाई जागची उठत नाही, तेव्हा आपणही पाण्यावर अडकून राहिलो आहोत असा भास आम्हांस झाला.

हा भास होण्यात संगीताचा वाटा मोठा आहे. या नाटकात बासरी आणि दोन तालवाद्ये एवढीच साथ असते. खांद्यावर धरावयाच्या लहान मृदंगाचे कातडे ओलसर ठेवावे लागते; मांडीवरील मोठ्याचे कातडे प्रयोगापूर्वी निखाऱ्यावर शेकून कोरडे करतात. म्हणून एकाचा नाद मऊ, गोलसर. दुसऱ्याचा लाकडावर लाकूड आपटावे तसा. बासरीच्या पोटात एक बारीक नळी मुद्दाम बसवलेली असते, तिच्यामुळे सप्तकातील स्वरांचे नेहमीचे नाते बिघडते. ती गायनाच्या सुरात मिळत नाही, आणि मिळावी अशी अपेक्षाही नसते. सुरेल साथीवर वाढलेल्या आमच्या कानांना हे प्रथम खुपले. पुढे लक्षात आले की येथे साथ गाण्याला आधार देत नाही. ती काळ मोजते. दोन आघातांमधील जागा आणि तिच्यात उठणारा वादकाचा दीर्घ हुंकार यांनीच तो काळ भरलेला असतो. आमच्या समेची वाट पाहण्याची सवय सोडली तेव्हा कोठे तो आम्हांस ऐकू आला.

नाटकाचा शेवट थडग्यापाशी होतो. हिरव्या पानांनी शेंदा झाकलेला, कापडाने वेढलेला एक सांगाडा आरंभापासून रंगभूमीवर मागे ठेवलेला असतो. रात्र झाली आहे. आई लहानशी घंटा वाजवीत अमिदा बुद्धाचे नाव घेते. आठ गायक ते उचलतात. आणि त्या पुरुषी आवाजांत थडग्याच्या आतून एका बालकाचा कोवळा आवाज मिसळतो. मग मूल बाहेर येते. आई धावते, मिठी घालू पाहते, ते निसटते, पुन्हा थडग्यात शिरते. उजाडते. जे मूल वाटले ते मातीच्या ढिगावरचे गवत होते.

या शेवटाविषयी झेआमी आणि त्याचा मुलगा यांच्यांत मतभेद झाला होता. १४३० सालच्या 'सारुगाकु दांगी' या संभाषणसंग्रहात त्याची नोंद आहे. झेआमीचे म्हणणे, या नाटकातील मूल जिवंत नाही, तेव्हा ते रंगभूमीवर न आणता प्रयोग केल्यास अधिक रंगेल. मोतोमासाने उत्तर दिले की आपल्याला तसे करता येणार नाही. त्यावर बापाने अधिकार गाजवला नाही. अशा गोष्टी करून पाहाव्यात आणि जे चांगले उतरेल ते ठेवावे, असा त्याचा अभिप्राय आहे. आजही क्वचित मुलाविना प्रयोग होतात.

संहिता वाचताना आमचा कौल झेआमीला होता. अव्यक्ताची थोरवी आपल्या काव्यशास्त्रानेही गायली आहेच. प्रयोग पाहिल्यावर आम्ही पक्ष बदलला. तासाहून अधिक काळ मुखवटा, संकेत, ठरलेली पावले यांतून आपण दुःख जाणून घेत असतो. त्यानंतर एक खरे मूल, मुखवट्याविना, उघड्या चेहऱ्याने समोर येते. ते अभिनय करीत नाही. उंच एकसुरी आवाजात नाम घेते. आईच्या हातांत जे येत नाही ते प्रत्यक्ष शरीर आहे हे दिसल्यामुळे तिचे रिते हात आपल्याला कळतात. केवळ आवाज असता तर ते एक सुंदर सूचन झाले असते. मोतोमासाला सौंदर्यापेक्षा काही अधिक हवे होते.

त्याचे धारिष्ट आणखी एका बाबतीत आहे. हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या वेड्या आईची नाटके 'नो'मध्ये अनेक आहेत, आणि त्यांचा शेवट भेटीने होतो. आपल्याकडे भवभूतीलाही 'उत्तररामचरिता'च्या अखेरीस सीता रामाला परत द्यावी लागली. प्रेक्षकाची ती अपेक्षा मोतोमासाने पुरी केली नाही. १४३२ साली तो स्वतः परगावी, इसे प्रांतात, बापाच्या आधी मरण पावला. वृद्ध झेआमीने त्याच्यामागे लिहिलेला शोकलेख उपलब्ध आहे. नाटक आधीचे आणि मृत्यू नंतरचा, तेव्हा यात कार्यकारण शोधू नये. पण 'सुमिदागावा' वाचताना हे विसरणे कठीण जाते.

परकी माणसे 'नो'कडे कशी वळली याचा इतिहासही बोधप्रद आहे. अर्न्स्ट फेनोलोसा हा अमेरिकन अध्यापक जपानात राहिला आणि उमेवाका मिनोरू या थोर नटापाशी बसून 'नो'चे गायन शिकला. १८६८ च्या सत्तांतरानंतर या कलेचे राजाश्रय तुटले, तेव्हा ती जगवून धरणाऱ्यांत हे मिनोरू अग्रणी होते. संस्थाने विलीन झाल्यानंतरचे दिवस ज्या घरांनी पाहिले आहेत त्यांना त्या स्थितीची कल्पना वेगळी द्यावयास नको. फेनोलोसा १९०८ साली वारला. त्याच्या टिपणांवरून एझरा पाउंडने भाषांतरे सिद्ध केली, आणि त्यांच्या प्रभावाखाली येट्सने १९१६ साली आपले नाटक रंगभूमीवर आणले. पाउंड आणि येट्स यांनी तोवर जपान पाहिलेला नव्हता. त्यांची निर्मिती आपापल्या जागी मोलाची असेल. पण बसून शिकणारा एक होता, आणि कीर्ती इतरांना मिळाली.

बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचे तसे नव्हते. १९५६ च्या फेब्रुवारीत त्याने टोकियोत हेच 'सुमिदागावा' पाहिले, पुन्हा जाऊन पाहिले, आणि आठ वर्षे ते मनात बाळगले. १९६४ च्या जूनमध्ये इंग्लंडमधील ऑरफर्डच्या चर्चमध्ये त्याची 'कर्ल्यू रिव्हर' ही संगीतिका प्रथम सादर झाली. तिची संहिता विल्यम प्लोमरची. तोही काही वर्षे जपानात राहिलेला. दोघांनी नदी इंग्लंडच्या पूर्व भागात आणली, नटांच्या जागी मठातील साधू आणले, नामस्मरणाच्या जागी ख्रिस्ती स्तोत्रगायन आणले. जपानी चालींची नक्कल करण्याचा मोह ब्रिटनने टाळला, ही त्याची समज फार मोठी. वाद्ये आणि गायक एकमेकांना सुटे ठेवून चालवण्याची जी युक्ती त्याने केली तिच्यात 'नो'चा काळ त्याने खरोखर ऐकला होता याची साक्ष मिळते.

आमचा आक्षेप शेवटाला आहे. 'कर्ल्यू रिव्हर'मध्ये मुलाचा आत्मा थडग्यातून येतो, आईला आशीर्वाद देतो, परलोकी भेटण्याचे आश्वासन देतो, आणि तिचे वेड जाते. ईश्वरी कृपेची खूण म्हणून ही कथा साधू आपल्याला सांगत असतात. चर्चमध्ये सादर होणाऱ्या कृतीला हे शोभून दिसते. पण मोतोमासाने ज्या आईला उजाडताना गवतापाशी एकटी सोडली, तिला एवढे आश्वासन मिळाल्यावर नाटकाचा कणाच वाकतो. मोतोमासाच्या नाटकातही धर्म आहे. नाम आहे, बुद्ध आहे. त्या नामाने आईला मूल क्षणभर दिसते. ते तिला परत मिळत नाही. कलावंताला हवे ते घेण्याची मुभा आहे, आणि ब्रिटनने पुष्कळ घेतले. त्याने जे घेतले नाही त्यावरूनच मूळ कृतीची कठोरता आम्हांस नीट कळली.

तथापि 'नो'कडे भाबडेपणाने पाहणेही योग्य नव्हे. हे नाट्य सहाशे वर्षे जसेच्या तसे राहिले आहे, ही समजूत खरी नाही. झेआमीच्या काळी प्रयोग आजच्यापेक्षा पुष्कळ जलद होत, असे अभ्यासक सांगतात. ज्या संथपणाने आपण दिपून जातो तो बराचसा नंतरच्या दरबारी शिस्तीचा. ज्या रंगभूमीने स्त्रीचे दुःख इतके सूक्ष्मपणे दाखवले, तिच्या व्यावसायिक संघटनेत स्त्रियांना प्रवेश मिळायला १९४८ साल उजाडावे लागले. परंपरा जपणारे तिला बदलतही असतात, आणि कोणाला आत घ्यावयाचे हेही ठरवीत असतात. ज्यांनी दूरच्या गावी राहून शतकभर गणेशोत्सव आणि नाट्यमंडळे चालवली आहेत, त्यांना हे नवीन नाही.

आता त्या पक्ष्यांविषयी. नदीवर पांढरे पक्षी पाहून आई नावाड्याला विचारते, हे कोणते? तो सांगतो, कामोमे. म्हणजे साधे समुद्रपक्षी, सीगल. ती त्याला बोल लावते: अन्यत्र काहीही म्हणा, या नदीवर तरी त्यांना 'मियाकोदोरी', राजधानीचे पक्षी, म्हणायला हवे होते. या बोलण्यामागे दहाव्या शतकातील 'इसे मोनोगातारी' हा ग्रंथ आहे. त्यातील राजधानीहून दूर आलेला नायक याच नदीवर त्या पक्ष्यांचे नाव ऐकून आपल्या प्रियेची खुशाली त्यांना विचारतो. वेड्या बाईला हे ठाऊक आहे. नावाड्याला आपली चूक कळते. अशा नामांकित स्थळी राहूनही आपल्याला त्याचे भान राहिले नाही, असे तो कबूल करतो. त्या क्षणापासून त्याची थट्टा संपते आणि तो तिच्याशी आदराने बोलू लागतो. ज्ञानामुळे नव्हे, आठवणीच्या हक्कामुळे ती त्याच्याहून मोठी ठरते.

पण काळाने या प्रसंगाला आणखी एक पदर जोडला आहे, आणि तो नाटककाराच्या स्वप्नातही नसेल. ज्या नदीकाठी मूल राजधानीच्या माणसांच्या सावल्यांसाठी झुरत मेले, तेथेच पुढे एदो शहर वाढले. १८६८ साली त्याचे नाव टोकियो ठेवले गेले. अर्थ, पूर्वेची राजधानी. तो पक्षी बहुधा युरीकामोमे या जातीचा असावा, असे मानतात. १९६५ साली टोकियोने तोच आपला पक्षी म्हणून निवडला, आणि १९९५ साली सुरू झालेल्या एका स्वयंचलित रेल्वेलाही त्याचेच नाव दिले. जगाचे टोक होते ते राजधानी झाले. आठवणीचा पक्षी घरचा झाला.

हे वाचताना इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या वाड्यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. आपले पूर्वज जेथे परदेशी म्हणून गेले ते आता आपले गाव आहे, आणि ज्याला ते देश म्हणत तो आपल्याला सुट्टीपुरता उरला आहे. सुरुवातीस आम्ही तुलनेला नावे ठेवली. ही तुलनाच आहे हे आम्ही जाणतो. फरक इतकाच की पहिल्या दिवशी आम्ही ती नाटकावर लादली होती, आणि ही नाटकाने आपण होऊन, पुष्कळ उशिरा, आमच्यापुढे ठेवली.

सुमिदा नदीच्या काठी मोकुबोजी नावाचे मंदिर आहे. 'उमे' म्हणजे आलुबुखाराच्या जातीच्या झाडाचे चित्राक्षर फोडून 'वृक्ष' आणि 'माता' अशी दोन अक्षरे केली, त्यांवरून हे नाव आले. तेथे उमेवाकाचे थडगे दाखवतात. ते खरे की कथेवरून रचलेले, या वादात आम्ही पडत नाही. आम्ही गेलो तेव्हा हिवाळा होता. शेजारी उंच इमारतींची रांग, नदीला काँक्रीटचा बांध, वरून जाणारा वाहनांचा रस्ता. थडग्याजवळून माणसे आपापल्या कामाला जात होती. ती सारी राजधानीची माणसे होती, आणि त्यांच्या सावल्या वाटेवर पडत होत्या. नदीवर पांढरे पक्षी होते. पहिल्या वर्षी पुलावरून ते अनेकदा दिसले होते आणि आम्ही त्यांचे नाव विचारलेही नव्हते.